पावसाळाभर टाकीत उभे राहणारे इंधन टिकेल का? ट्रॅक्टर, जनरेटर आणि पंपांच्या बायोडिझेल मिश्रणाची तपासणी, पहिल्यापासून

कोल्हापूर जिल्ह्यात गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरात रंगात येतो आणि मार्च-एप्रिलला आटोपतो. हंगामात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या टाकीत इंधन शिळे व्हायला वेळच नसतो, आज भरले ते उद्या-परवा संपते. खरी परीक्षा जूनला सुरू होते. पाऊस लागला की वाहतुकीला वाहिलेला ट्रॅक्टर शेडमध्ये जातो, पंचगंगेचे पाणी चढायच्या आत काठावरचा डिझेल पंप उचलून घरी येतो, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातला जनरेटर तर बारा महिने वीज जायची वाट पाहत उभाच असतो. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा शेतातल्या आणि कारखान्यातल्या इंजिनाचे दुखणे इथेच वेगळे पडते. म्हणून अशा इंजिनासाठी मिश्रण तपासताना 'आज चांगले आहे का' एवढे विचारून भागत नाही. जितके महिने मशीन उभे राहणार आहे, तितके महिने ते टिकेल का, हे विचारावे लागते.

हा लेख नव्याने या कामात आलेल्यांसाठी आहे: कॉलेजच्या प्रकल्पावरचे विद्यार्थी, कारखान्याच्या देखभाल विभागात नुकते लागलेले तरुण, स्वतःच्या दोन-तीन मशीनसाठी बायोडिझेल वापरू पाहणारे शेतकरी. काही तपासण्या वर्कशॉपच्या टेबलावर होतात, काही प्रयोगशाळेतच कराव्या लागतात. कोणती कुठे करायची, ते त्या त्या जागी सांगतो.

आधी कळू द्या, टाकीत आहे काय

बायोडिझेल म्हणजे तेल किंवा चरबीवर मिथेनॉलची प्रक्रिया करून बनवलेले मिथाईल एस्टर. शंभर टक्के बायोडिझेलला बी-१०० म्हणतात, डिझेलमध्ये वीस टक्के मिसळले की बी-२०. आपल्याकडे बी-१०० साठी आयएस १५६०७ आणि बी-६ ते बी-२० मिश्रणांसाठी आयएस १६५३१ ही मानके आहेत. पंपावरच्या साध्या डिझेलच्या मानकातही, म्हणजे आयएस १४६० मध्ये, सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. तेव्हा 'साधे डिझेल' म्हणून आणलेल्या नमुन्यात बायोडिझेल नसेलच असे गृहीत धरू नका.

पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा. ते कोणत्या तेलापासून बनवले? कधी बनवले? त्यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे हवेने होणारा बिघाड (ऑक्सिडेशन) रोखणारे रसायन, घातले आहे का, आणि कोणते? पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा. तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध जितके जास्त, तितकी हवेतल्या ऑक्सिजनला शिरायला जागा जास्त. एक दुहेरी बंध असलेल्या ओलेइक आम्लाचा ऑक्सिडेशनचा वेग १ धरला, तर दोन बंधांच्या लिनोलेइकचा सुमारे ४० आणि तीन बंधांच्या लिनोलेनिकचा जवळजवळ १०० पट येतो. म्हणून सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे बायोडिझेल लवकर बिघडते. करंजात ओलेइक जास्त, त्यामुळे ते त्यामानाने दमदार. पामतेलाचे आणखी टिकाऊ, पण थंडीत लवकर गढुळते. हॉटेलातल्या वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल मूळ तेल किती वेळा तळले गेले यावर अवलंबून असते, म्हणून त्याची प्रत्येक खेप नवी समजून तपासावी.

'रिन्युएबल डिझेल' किंवा एचव्हीओ हा वेगळा प्रकार. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते बनवतात आणि त्यात एस्टर उरतच नाहीत. साठवणुकीत ते जवळपास साध्या डिझेलसारखेच वागते. खाली जे सांगितले आहे ते मुख्यतः मिथाईल एस्टरच्या मिश्रणांबद्दल आहे.

नमुना नीट घेतला नाही तर पुढचे सगळे वाया

बायोडिझेल डिझेलपेक्षा जड. बायोडिझेलची घनता लिटरला साधारण ०.८६ ते ०.९० किलो, डिझेलची ०.८२ ते ०.८४५ च्या आसपास. बॅरलमध्ये आधी बायोडिझेल ओतून वरून डिझेल सोडले आणि ढवळले नाही, तर खाली बी-४० आणि वर बी-५ अशी स्थिती होऊ शकते. एकदा नीट मिसळले की ते आपोआप वेगळे होत नाही, अडचण फक्त मिसळण्याच्या वेळेची असते. म्हणून वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने घ्या आणि तिन्हींची घनता एकाच तापमानाला हायड्रोमीटरने पाहा. आकडे जुळले नाहीत तर बॅरल पुन्हा फिरवा, मग नमुना घ्या.

बाटली काचेची, तपकिरी असेल तर उत्तम, आणि पूर्ण कोरडी हवी. पाण्याने विसळून उलटी ठेवलेली बाटली कोरडी नसते. पावसाळ्यातल्या कोल्हापुरात तर नाहीच. इंधनानेच दोनदा विसळून ते काढून टाका, मग भरा. पितळी नळ किंवा तांब्याच्या नळीतून नमुना घेऊ नका. तांबे, पितळ, जस्त आणि शिसे या धातूंचा अंश इंधनाचे ऑक्सिडेशन वाढवतो, आणि चूक इंधनाची की नळाची ते मग सांगता येत नाही. बाटलीवर तारीख, खेप, प्रमाण आणि घेतल्याची जागा लगेच लिहा.

वर्कशॉपमधली पहिली पाहणी

बाटली उजेडात धरा. चांगले मिश्रण स्वच्छ आणि चमकदार दिसते. मागे वर्तमानपत्र धरले तर बारीक अक्षरे सहज वाचता आली पाहिजेत. अक्षरे धूसर दिसली तर दोन शक्यता: पाणी किंवा थंडीने गोठू लागलेला मेद. बाटली कोमट पाण्यात ३०-३५ अंशांवर ठेवून पाहा, मग एक दिवस हलवू नका. तळाशी पाण्याचे मणी जमले तर उत्तर मिळाले. ऊब मिळताच स्वच्छ होऊन डिसेंबरच्या पहाटे पुन्हा गढूळ होत असेल तर तो मेद. मोठ्या टाकीत पाणी आहे का हे पाहायला पेट्रोल पंपावर वापरतात ती पाणी शोधायची पेस्ट डिपस्टिकला लावा, पाणी लागले की तिचा रंग बदलतो.

बी-१०० आणले असेल तर धुण्याची चाचणी जरूर करा. अर्ध्या बाटलीत बायोडिझेल, अर्ध्यात स्वच्छ पाणी, जोरात हलवा आणि ठेवा. चांगला माल अर्ध्या तासाच्या आत वेगळा होतो आणि खालचे पाणी बऱ्यापैकी नितळ राहते. मध्ये दह्यासारखा पांढरा थर अडकून बसला तर त्यात साबण किंवा अर्धवट प्रक्रिया झालेले तेल आहे. असा माल मिश्रणात घेऊच नका, पुढच्या चाचण्यांचा खर्च वाचेल. महामार्गाच्या कडेला 'बायोडिझेल' नावाने स्वस्तात विकली जाणारी काही द्रावणे तर बायोडिझेल नसतातच. घनता आणि प्रयोगशाळेतला ज्वलनांक (ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेते ते) पाहिला की ती लगेच उघडी पडतात. चांगल्या बायोडिझेलचा ज्वलनांक १०० अंशांच्या वर असतो.

आम्लांक: कमी खर्चात बरेच सांगणारा आकडा

इंधन हवेने बिघडते ते टप्प्याटप्प्याने. आधी पेरॉक्साइड तयार होतात, ते फुटून अल्डिहाइड आणि आम्ले होतात, आणि शेवटी साखळ्या जुळून चिकट राळ बनते. आम्लांक म्हणजे एक ग्रॅम इंधनातले आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागले, तो आकडा. बी-१०० साठी ०.५० ही कमाल मर्यादा सर्वत्र मानतात. बी-६ ते बी-२० साठी अमेरिकेच्या एएसटीएम डी ७४६७ मानकात ती ०.३० आहे.

अधिकृत चाचणी इलेक्ट्रोडने होते, पण कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत रंगाच्या टायट्रेशनने कामापुरता अंदाज येतो. एका लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड असे ताजे द्रावण करा. शंकूपात्रात ५० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, फिनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाचे थेंब टाका आणि आधी त्यालाच फिकट गुलाबी येईपर्यंत द्रावण सोडा, म्हणजे अल्कोहोलचे स्वतःचे आम्ल हिशेबात येणार नाही. मग त्यात १० मिलि इंधन घाला. गुलाबी रंग जाईल. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहा, आणि अर्धा मिनिट टिकणारा गुलाबी आला की वाचन घ्या.

हिशेब असा. १० मिलि बी-१०० चे वजन सुमारे ८.८ ग्रॅम. ०.५० च्या मर्यादेला ४.४ मिग्रॅ हायड्रॉक्साइड लागेल, म्हणजे आपल्या द्रावणाचे ४.४ मिलि. बी-२० चे १० मिलि सुमारे ८.४ ग्रॅम, ०.३० ला साधारण २.५ मिलि. याहून जास्त लागले तर तो नमुना अधिकृत चाचणीला पाठवा. इंधन फार गडद असेल तर रंग दिसत नाही, तिथे ही पद्धत सोडून द्या.

एक गोष्ट नव्या माणसांना कोणी सांगत नाही. आम्लांक उशिरा वाढतो. इंधनाची सहनशक्ती संपत आलेली असते तेव्हाही तो निवांत ०.२ दाखवत राहतो आणि मग एकदम उसळतो. पेरॉक्साइडचा आकडा तर चढून पुन्हा उतरतो, त्यामुळे एकच कमी आकडा पाहून इंधन ताजे की पार बिघडलेले, हे कळत नाही. यासाठी पुढची चाचणी लागते.

रॅन्सिमॅट: किती दम शिल्लक आहे

रॅन्सिमॅट नावाच्या यंत्रावरची ही चाचणी प्रयोगशाळेतच होते. नमुना ११० अंशांवर ठेवून त्यातून तासाला १० लिटर हवा फुंकतात. बाहेर पडणारी वाफ शुद्ध पाण्यात जाते. इंधन तग धरून असेपर्यंत पाण्याची विद्युतवाहकता जवळपास सपाट राहते. ते हरले की बाष्पशील आम्ले पाण्यात येतात आणि आलेख उभा चढतो. तिथपर्यंतचे तास म्हणजे इंडक्शन पीरियड. शुद्ध बायोडिझेलला ईएन १४११२ आणि मिश्रणांना ईएन १५७५१ ही पद्धत वापरतात. रिपोर्टवर पद्धतीचा क्रमांक पाहिल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नका.

मर्यादा देशागणिक वेगळ्या. बी-१०० साठी अमेरिकेच्या डी ६७५१ मध्ये किमान ३ तास, युरोपच्या ईएन १४२१४ मध्ये ८ तास. बी-६ ते बी-२० मिश्रणाला डी ७४६७ नुसार ६ तास, तर युरोपच्या डिझेल मानकात, म्हणजे सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असलेल्या डिझेलला, २० तास. माझे स्पष्ट मत आहे की चार-पाच महिने उभ्या राहणाऱ्या मशीनसाठी तीन तासांचे बी-१०० घेऊ नये, मानकात बसत असले तरीही. बी-१०० अँटिऑक्सिडंटशिवाय चार महिन्यांहून जास्त साठवू नये असेच सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि आपल्या शेडमधली उष्णता ते आणखी खाली आणते.

बी-१०० चा रिपोर्ट चांगला आला म्हणून मिश्रणाची चाचणी टाळू नका. बायोडिझेल ध्रुवीय आहे, त्यात तयार झालेली राळ त्याच्यातच विरघळून राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. तेच डिझेलमध्ये मिसळले की राळ बाहेर पडते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे डिझेल आहे. गंधक फक्त १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आणि ते काढताना इंधनाचे काही नैसर्गिक संरक्षक घटकही निघून जातात. यासाठी एक सोपी तपासणी करा: जुने बी-१०० आणि ताजे डिझेल २०:८० प्रमाणात बाटलीत मिसळा, दोन दिवस अंधारात ठेवा आणि तळ पाहा.

पावसाळा बाटलीत बसवणे

आता मुख्य काम. साठवणुकीची प्रमाणित चाचणी म्हणजे एएसटीएम डी ४६२५. काचेच्या बाटल्या ४३ अंशांवर आठवडेच्या आठवडे ठेवतात आणि ठरावीक काळाने गाळ आणि आम्लांक मोजतात. ४३ अंशांवरचा एक आठवडा म्हणजे २१ अंशांवरचा सुमारे एक महिना, असा तिचा ठोकताळा आहे. हा ठोकताळा कोल्हापूरला जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे शेडमधली टाकी वर्षाच्या सरासरीने २५-२७ अंशांवर तरी असते. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो असे धरले, तर इथे चाचणीतला आठवडा तीनच आठवड्यांइतका भरतो. जून ते ऑक्टोबर हे पाच महिने झाकायला सुमारे सात आठवडे चाचणी चालवा.

चार बाटल्या लावा. एकीत साधे डिझेल, तुलनेसाठी. दुसरीत मिश्रण. तिसरीत मिश्रण आणि बारीक सँडपेपरने घासलेली तांब्याची तार, कारण जुन्या ऑइल इंजिनांत तांब्याची डिझेल नळी आणि पितळी जोड असतात. चौथीत मिश्रण आणि तळाला चमचाभर पाणी, कारण अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी हवेचे पाणी जमतेच. झाकण घट्ट आवळू नका, हवा आत जायला हवी, पण धूळ नको. ४३ अंशांचे हे काम ज्वलनशील द्रव ठेवण्यास योग्य अशा ओव्हनमध्येच करा. घरचा ओव्हन किंवा ठिणगी पडणारा साधा इनक्युबेटर चालणार नाही. तशी सोय नसेल तर बाटल्या शेडमध्येच ठेवा आणि खरे पाच महिने जाऊ द्या. हळू होईल, पण खोटे होणार नाही.

दर दोन आठवड्यांनी पाहताना बाटली आधी हलवू नका. रंग डिझेलच्या बाटलीशी ताडून पाहा. मग ती हळूच तिरकी करा आणि द्रवाच्या पातळीला काचेवर काय उरते ते बघा. चांगल्या इंधनाची रेघ लगेच ओघळून जाते. बिघडत चाललेल्या इंधनाची पिवळट कड काचेला चिकटून राहते आणि बोट फिरवले तर मधासारखी ओढ लागते. तळाशी तपकिरी भुकटी की चिकट थेंब, तेही टिपून ठेवा. तांब्याच्या बाटलीत तार हिरवट झाली आणि द्रवही हिरवट दिसू लागला तर आम्लाने तांबे खायला सुरुवात केली. वासही बदलतो, शिळ्या तेलाचा खवट वास आम्लांकाच्या आधी कळतो. पण मुद्दाम हुंगत बसू नका. झाकण काढताना जेवढे येते तेवढे पुरे.

चौथ्या बाटलीत इंधन आणि पाण्याच्या सीमेवर कापसासारखी बुरशी किंवा काळसर पापुद्रा दिसला तर तो जंतूंचा प्रकार आहे. त्याला अँटिऑक्सिडंट उपयोगी पडत नाही. पाणी काढणे हाच पहिला उपाय.

गाळाचा आकडा लवकर हवा असेल तर प्रयोगशाळेला एएसटीएम डी २२७४ करायला सांगा: ३५० मिलि नमुना, ९५ अंश, १६ तास, ऑक्सिजनखाली. आठवड्याच्या आत उत्तर येते. मात्र ती प्रत्यक्ष साठवणुकीची जागा घेत नाही.

फिल्टर कापून पाहा

मिश्रण चालू केल्यावर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर लवकर चोंदला की लोक लगेच इंधनाला बोल लावतात. बायोडिझेल उत्तम विद्रावक आहे, ते जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज आणि मळ सोडवून आणते. म्हणून चोंदलेला फिल्टर फेकायच्या आधी कापा आणि कागदाची घडी उलगडा. काळी-तांबडी, बोटाला खरखरणारी भुकटी असेल तर तो टाकीचा मळ. दोन-तीन फिल्टर बदलून प्रश्न मिटेल. कागद पिवळट, चिकट आणि वार्निश लावल्यासारखा ताठ झाला असेल तर इंधन बिघडले. बुळबुळीत काळा थर आणि कुजका वास असेल तर पाणी आणि जंतू. थंडीतल्या सकाळीच चोंदणारा आणि दुपारी आपोआप मोकळा होणारा फिल्टर गोठलेल्या मेदाचा, त्यासाठी प्रयोगशाळेत थंड करून गाळण्याची चाचणी असते.

नव्या कॉमन रेल इंजिनांत नोझलच्या फटी फार बारीक असतात, तिथे थोडी राळही महागात पडते. मॅन्युअलमध्ये बायोडिझेलचे जेवढे प्रमाण मान्य आहे त्याच्या पुढे जाऊ नका. जुन्या इंजिनांचे रबरी होज आणि सील फुगतात, ते आधीच बदलून घ्या.

इथेनॉलची मिश्रणे वेगळी

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात इथेनॉल डिझेलमध्ये घालायचा विचार कोणालाही सुचतो. ते डिझेलमध्ये नीट विरघळत नाही, थोडे पाणी किंवा थंडी मिळाली की थर फुटतो, आणि ज्वलनांक इथेनॉलच्या पातळीला, म्हणजे सुमारे १३ अंशांवर येतो. अशी बाटली गरम करण्याची कोणतीही चाचणी वर्कशॉपमध्ये करू नका. हे काम पूर्णपणे प्रयोगशाळेचे.

पॉवर स्प्रेअर किंवा ब्रश कटरमधल्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला ऑक्सिडेशनपेक्षा पाण्याचे भय. उघड्या जागेत, आगीपासून दूर, झाकणाच्या मोजपात्रात ९० मिलि पेट्रोल आणि १० मिलि पाणी हलवून ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर २८ मिलिच्या आसपास आला तर (२८ वजा १०) भागिले ९०, म्हणजे २० टक्के. पाणी किती सोसेल हे पाहायचे तर १०० मिलि ताज्या पेट्रोलमध्ये इन्सुलिनच्या सिरिंजने ०.१ मिलि पाणी सोडत जा आणि कायमचा धूसरपणा कधी येतो ते टिपा. तीच चाचणी बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पात्र ठेवून पुन्हा करा. पेट्रोल फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका. हंगाम संपल्यावर या छोट्या मशीनची टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणे हे सगळ्या तपासण्यांहून सोपे.

निकाल हातात आल्यावर

इंडक्शनचे तास कमी पण आम्लांक चांगला असेल, तर इंधन अजून वाचवता येते. बीएचटी, टीबीएचक्यू किंवा पायरोगॅलॉलसारखे अँटिऑक्सिडंट काही शे पीपीएममध्ये घालतात. मात्रा अंदाजाने न ठरवता, घातल्यानंतर पुन्हा रॅन्सिमॅट करून ठरवा. ते ताज्या इंधनातच घालावे लागते. एकदा बनलेली राळ ते परत विरघळवत नाही. आम्लांक वर गेला असेल किंवा गाळ दिसत असेल, तर ताजे डिझेल घालून 'पातळ' करून वापरू नका, त्याने राळ उलट जास्त बाहेर पडते.

उभ्या मशीनसाठी नेम सोपा ठेवा: मे महिन्याच्या शेवटी मिश्रण संपवा आणि साधे डिझेल भरून, ते थोडा वेळ इंजिनातून फिरवून टाकी काठोकाठ ठेवा, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. ज्या जनरेटरला मिश्रणावरच ठेवायचे आहे त्याचा तळाचा नमुना दर महिन्याला, वॉटर सेपरेटरची वाटी दर आठवड्याला पाहा.

बायोडिझेल पुसलेली फडकी ढिगात टाकू नका. ऑक्सिडेशनची उष्णता आत साठून ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाणी घालून ठेवा. नापास झालेले इंधन गटारात किंवा ओढ्यात सोडू नका, ते पंचगंगेतच जाते. लेबल लावलेल्या बंद कॅनमध्ये वेगळे ठेवा आणि वापरलेले तेल उचलणाऱ्या परवानाधारक व्यावसायिकाकडे द्या.